कापड साच्यातून निघतं, माणूस नव्हे



मराठीच्या प्रश्नावर सभा झाली की एक वाद हटकून निघतो. वक्ता रंगात येतो आणि म्हणतो, "अमके लोक जन्माचे लबाड. तमके लोक घाणेरडे. ह्यांना पैशापुढे देव नाही." टाळ्या पडतात. सभा संपल्यावर कुणी विचारलं, "बाबा, हे बरोबर बोललास का?" तर उत्तर ठरलेलं असतं. "अहो, माझ्या मनात तसं काही नाही. माझा शेजारी त्यांच्यातलाच आहे. दिवाळीला फराळाची देवाणघेवाण आहे. पण मुद्दा ठसवायचा तर भाषणाला तिखट-मीठ लागतंच."

म्हणजे सवाल असा आहे. मनात द्वेष नसताना, निव्वळ मुद्दा बळकट व्हावा म्हणून एखाद्या अख्ख्या समाजावर शिक्का मारला, तर तो आकस होतो की नाही?

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मोठी पुस्तके वाचली नाहीत, पण साच्यावर उभा राहिलो आहे आणि युनियनच्या सभाही पुष्कळ ऐकल्या आहेत. माझं उत्तर सरळ आहे. होतो! आणि त्याहून वाईट म्हणजे त्या शिक्क्याने मुद्दा बळकट होतच नाही, उलट लंगडा होतो. कसा, ते सांगतो.

साचा आणि तागा

गिरणीत मागाला साचा म्हणतात. ताणा एकदा भरला आणि धोटा चालू झाला की साच्यातून पहिला वार जसा निघतो, तसाच चाळिसावा निघतो. साच्याचा धर्मच तो. पण समजा, एका साच्यावर तागा खराब निघाला आणि मालकाने त्यासाठी सगळ्या खात्याचा पगार कापला, तर आपण काय करू? साचे बंद करू! विचारू, की ज्याचा तागा खराब त्याला जाब विचारा, बाकीच्या दोनशे माणसांचा काय गुन्हा?

मग हाच न्याय सभेच्या व्यासपीठावर कुठे जातो? एका दुकानदाराने मापात मारलं म्हणून त्याच्या भाषेच्या सगळ्या माणसांना लबाड म्हणायचं, हा खात्याचा पगार कापण्याचाच प्रकार झाला. कुणी म्हणेल, शितावरून भाताची परीक्षा होते. होते ना! कारण भात एका पातेल्यात, एका विस्तवावर शिजलेला असतो. एका भाषेची लाखो माणसं एका पातेल्यात शिजलेली नसतात. त्यांच्यात मालक असतो, हमाल असतो, सावकार असतो आणि त्या सावकाराचा कर्जदारही असतो.

शिक्का आपल्यावर मारला तेव्हा

हा शिक्का काय चीज आहे, हे मराठी कामगाराला कुणी शिकवायला नको. इंग्रजांच्या अमदानीत कामाचे तास कमी करा अशी मागणी झाली की गिरणीमालकांचं उत्तर तयार असे. हिंदी कामगार आळशी, तो कामाच्या वेळी रेंगाळतो, बाहेर बिडी ओढत बसतो, म्हणून तास जास्त ठेवावे लागतात. पाहा बरं, एका शिक्क्याने किती मोठं काम केलं! हवा कोंदट होती, दिवस पहाटेपासून अंधारापर्यंतचा होता, पण त्याची चौकशी करण्याची गरजच उरली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सह्या गोळा केल्या, अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा कुठे १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पडली. मालकांच्या मनात लोखंड्यांविषयी किंवा कुणा विणकराविषयी द्वेष असेल-नसेल. द्वेष नसताही शिक्क्याने कामगाराचा रविवार वर्षानुवर्षे अडवून धरला.

पुढे मुंबई महाराष्ट्राला द्यायची की नाही हा वाद पेटला, तेव्हाही तेच झालं. मुंबई आमच्या भांडवलाने उभी राहिली, मराठी माणूस इथे कारकून आणि हमाल, असा सूर मोठमोठ्या लोकांनी लावला. डॉक्टर आंबेडकरांनी १९४८ साली भाषावार प्रांतांच्या कमिशनपुढे निवेदन देऊन त्याला मुद्देसूद उत्तर दिलं. घरगड्याचं तर नावच जाई. कोकणातून आलेला पोरगा गणपत असो की धोंडू, त्याला शेटच्या घरी 'रामा' म्हणत. सातारा-पुण्याकडून आलेला तो 'घाटी'. हिंदी सिनेमात वर्षानुवर्षे मराठी माणूस म्हणजे हवालदार, नाहीतर भांडी घासणारी बाई. लिहिणाऱ्याला विचारा, तोही म्हणेल, "मनात काही नाही हो, गंमत म्हणून."

आपल्याला राग येतो. येणारच, आणि तो रास्त आहे. पण मग तोच राग उडुप्याला, भय्याला, गुजरात्याला येऊ नये, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

आणि घरातलंही सांगून टाकतो. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप आपण अभिमानाने सांगतो. त्याच काळात गिरण्यांच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावं लागे, म्हणून बाकीच्यांना विटाळाची भीती! विणाईत पगार जास्त. तो दरवाजा मालकाने एकट्याने बंद केला नव्हता, शेजारच्या साच्यावरच्या कामगारानेही आतून कडी घातली होती. ही बंदी उठवा अशी मागणी आंबेडकरांना संपाच्या वेळी लावून धरावी लागली. म्हणजे साच्यात माणूस कोंबण्याची विद्या फक्त परक्यालाच येते, असं कुणी समजू नये.

छप्पन साल नीट आठवा

आता संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याकडे येऊ. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा गोळ्या चालल्या. शंभराहून अधिक हुतात्मे झाले. त्यांच्यापुढे मान लववूनच मी पुढचं लिहितो.

त्या दिवसांत रस्त्यावर सोपं गणित मांडलं जाई. मोरारजी गुजराती, शेटजी गुजराती, म्हणून गुजराती माणूस तो वैरी. जानेवारीच्या धामधुमीत गुजराती दुकानांवर हल्ले झाले, लूटही झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी! गोळीबाराचा हुकूम सोडणारा सचिवालयात सुखरूप होता आणि दगड पडत होते कोपऱ्यावरच्या वाण्यावर.

आता हे गणित तपासा. मुंबई महाराष्ट्राला देऊ नका, असं छातीठोक सांगणाऱ्यांत सर्वांत पुढे कोण होते? स. का. पाटील. कोकणातले अस्सल मराठी. आणि ८ ऑगस्ट १९५६ ला अहमदाबादला काँग्रेस हाउसपुढे कोणावर गोळ्या चालल्या? गुजराती विद्यार्थ्यांवर! त्यांना द्वैभाषिक नको होतं, स्वतःचं राज्य हवं होतं. सरकार तेच, मुख्यमंत्री तेच मोरारजी. इंदुलाल याज्ञिकांनी महागुजरात जनता परिषद उभी केली आणि १९५७ साली ते अहमदाबादेतून लोकसभेवर निवडून आले. इकडे त्याच निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. द्वैभाषिक दोन्ही बाजूंनी पोखरलं, म्हणून १ मे १९६० चा दिवस उगवला. ज्याला रस्त्यावरची घोषणा वैरी म्हणत होती, तो अहमदाबादचा मनुष्य आपल्याच मागणीची दुसरी बाजू लढवत होता.

मग सांगा, 'गुजराती तेवढा वैरी' हा शिक्का आपल्या मुद्द्याला बळ देत होता की आपल्या मित्राला लपवत होता?

समितीचं खरं बळ निराळंच होतं. ते पाहायचं असेल तर आमच्या पवईला या. इथल्या भागातून तानसाचा मोठा नळ जातो. ते पाणी ठाणे जिल्ह्यातल्या डोंगरांतलं. मुंबईच्या गिरण्या ज्या विजेवर फिरल्या, ती खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथली, सह्याद्रीच्या पाण्यावर तयार झालेली. मुंबईची जमीन महाराष्ट्राला लागून, पाणी महाराष्ट्राचं, वीज महाराष्ट्राची आणि भाषांची मोजदाद केली तर सर्वांत मोठा गट मराठी. ह्या मुद्द्यांत कुणाच्या बापाला शिवी आहे का? नाही. म्हणूनच त्यांना उत्तर देता येईना. शिवीला उलट शिवी देता येते, नळाला देता येत नाही.

शिक्का सुटला की हातात राहत नाही

वक्ता म्हणतो, "मी फक्त बोललो, मारा असं कुठे म्हणालो?" बरोबर. पण कापड विकल्यावर त्याचं काय शिवायचं ते विणकर ठरवत नसतो. शब्दाचंही तसंच. वक्ता घरी जाऊन जेवतो आणि शब्द रात्रभर गल्लीत हिंडतो.

१९२८ च्या अखेरीस शिवडीच्या तेल कंपन्यांत संप होता. संप फोडायला कंपन्यांनी पठाण आणले. गिरणगावात पठाण आधीच जबर व्याजाच्या सावकारीमुळे बदनाम. तक्रार खरी होती, दोन्ही बाबतींत खरी होती. पण भाषा झाली 'पठाण असलेच.' फेब्रुवारी १९२९ मध्ये अफवा उठली, की पठाण मुलं पळवतात. झालं! पठाण दिसला की हाण. त्यातून हिंदू-मुसलमान दंगल भडकली आणि शंभराहून जास्त माणसं मेली. मेलेल्यांत सावकार किती आणि गरीब पहारेकरी किती, हे तपासायला कोण बसलं होतं? चौकशी समिती नेमली गेली, तेव्हा तिने युनियनच्या भाषणांकडेही बोट दाखवलं. ज्या गिरणगावात मदनपुऱ्याचा मुसलमान विणकर आणि परळचा मराठी विणकर सहा महिने एका संपात उपाशी राहिले होते, तिथे चार महिन्यांत ही गत झाली. फायदा कुणाचा झाला, ते सांगायला नको.

फेब्रुवारी १९६९ मध्ये बेळगावसाठी मुंबई पेटली. बेळगाव-कारवारच्या मराठी माणसावरचा अन्याय खरा आहे, तो प्रश्न २००४ साली महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात नेला आहे. पण त्या आठवड्यात मुंबईत काय झालं? उडुप्यांची हॉटेलं फुटली, जळली. त्याआधी दोन-तीन वर्षं लुंगीवाल्यांच्या नावाने जी भाषा चालली होती, तिचंच ते पीक. गोळीबारात आणि दंगलीत पन्नासावर माणसं मेली. हॉटेलात फडकं मारणाऱ्या पोराने बेळगाव अडवून धरलं होतं काय? बेळगाव होतं तिथेच राहिलं, पोराचं काम तेवढं गेलं.

आणि ज्याला परक्याला झोडण्याची सवय लागते, त्याला आपल्यातही परका दिसू लागतो. ५ जून १९७० ला लालबागला आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. मराठी माणूस, कामगारांचा पुढारी, फक्त त्यांचा बावटा लाल. खटल्यात शिक्षा झाल्या त्याही मराठी पोरांना, शिवसैनिकांना. 'मराठी विरुद्ध मद्राशी' म्हणून सुरू झालेल्या गोष्टीचं शेवटी मराठी रक्त मराठी हातावर आलं.

मालकाला मालक म्हणा की!

इथे एक गडी उठून म्हणेल, "मग काय मालकाविरुद्ध बोलायचंच नाही? पिळवणूक करणाऱ्याला दादा-बाबा करायचं?"

नाही, मुळीच नाही. फरक नीट समजून घ्या. 'मालक पगार बुडवतो', 'दलाल भाव पाडतो', 'ठेकेदार फंडाचे पैसे भरत नाही', ही वाक्ये माणसाच्या करणीबद्दल आहेत. पुरावा मागितला तर दाखवता येतो, आणि त्याने वागणं सुधारलं तर वाक्य मागे घेता येतं. 'अमक्या भाषेचा माणूस लबाड', हे वाक्य जन्माबद्दल आहे. त्याला पुरावा नसतो, आणि त्यातून सुटायला त्या माणसाला पुन्हा जन्म घ्यावा लागेल. पहिलं बोलणं म्हणजे लढा, दुसरं म्हणजे आकस.

शिवाय जन्माचा शिक्का मालकाच्याच पथ्यावर पडतो. मुंबईच्या गिरण्यांचे मालक एका जातीचे कधीच नव्हते. पहिली गिरणी काढली दावर नावाच्या पारशाने. पेटिट, वाडिया पारशी, ससून बगदादी ज्यू, मोरारजी गोकुळदास भाटिया, काही कंपन्या गोऱ्या साहेबांच्या. पगार कापताना सगळ्यांची कात्री सारखीच चाले! आणि आज मराठी आडनावाचा ठेकेदार मराठी पोराचा ओव्हरटाइम गिळतो, तेव्हा तो पोरगा कुणाच्या नावाने ओरडणार? 'परका लबाड' हा एकच धडा घोकलेल्याला घरचा चोर दिसतच नाही.

उलट एकीचा इतिहास बघा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. त्यांत कोकणी होता, घाटावरचा होता, तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर होता, उत्तर प्रदेशचा भय्याही होता. संप फसला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्या जागी टॉवर उभे राहिले. बाहेर फेकताना कुणी कुणाची मातृभाषा विचारली नाही. ते डॉक्टर आमच्या पवईत राहत. १६ जानेवारी १९९७ ला इथेच, घराजवळ, गोळ्या घालून त्यांना मारलं.

"पण थोडं खरं असतंच की!"

दुसरी हरकत अशी, की शिक्क्यात थोडं तरी खरं असतं. असेल. पेढीवर एका समाजाची माणसं जास्त दिसतात, टॅक्सीवर दुसऱ्या. पण ती का दिसतात? एक गाववाला येतो, तो भाच्याला आणतो, भाचा मेव्हण्याला. आपली खानावळ, आपली गावकीची खोली, गिरणीत जॉबरने आपल्याच गावची पोरं चिकटवणं, हे सगळं तसंच चाललं होतं. त्यात रक्ताचा गुण नाही, ओळखीचा गुण आहे. हे कारण सांगा. मग लोक विचारतील, आमच्या पोराला ती ओळख, ते भांडवल, ते शिक्षण कसं मिळेल? हा कामाचा प्रश्न झाला. 'ते लोक असेच' म्हटलं की प्रश्नच मिटतो, आणि पोरगा नोकरीवाचून तसाच राहतो.

तिसरी हरकत मला सर्वांत जास्त झोंबते. "अहो, कामगाराला आकडे कळत नाहीत, त्याला गरमागरम लागतं." हाही शिक्काच, आपल्याच कामगारावर मारलेला! जो विणकर मध्यरात्री नुसत्या आवाजावरून कोणता साचा बिघडला ते सांगतो, त्याला तानसाच्या नळाचा मुद्दा कळणार नाही? कळतो. न कळण्याची सोय वक्त्याला हवी असते, कारण आकडा शोधायला कष्ट पडतात आणि शिवी फुकट मिळते.

विनोदाचंही ऐकतो. थट्टा जरूर करा. आपल्या लढ्यात अत्र्यांनी पुढाऱ्यांची केलेली टिंगल घराघरात पोचली. पण खुर्चीवरच्याची टोपी उडवणं वेगळं आणि हातगाडीवाल्याच्या बोलण्याची नक्कल करून हसवणं वेगळं. पहिल्याला धाडस लागतं, दुसऱ्याला लागत नाही.

आजची गोष्ट

हे जुनं झालं म्हणू नका. २००८ साली टॅक्सीवाल्यांना आणि रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या पोरांना मार पडला. भरतीची जाहिरात मराठी वर्तमानपत्रांत का येत नाही, हा सवाल सोळा आणे खरा होता. पण देशभर दिसला तो मार, सवाल कुठल्या कुठे गेला.

२०२५ सालीही तेच. पहिलीपासून हिंदी लादण्याचा सरकारी निर्णय पालकांनी, शिक्षकांनी, लेखकांनी मुद्दे मांडून हाणून पाडला. लहान मुलाच्या डोक्यावर तीन भाषांचं ओझं नको, एवढं साधं बोलणं होतं. २९ जूनला सरकारने निर्णय मागे घेतला. केवढा मोठा विजय! आणि त्याच सुमारास मीरा रोडला एका दुकानदाराला मराठी बोलण्यावरून मारलं. दुसऱ्या दिवसापासून चर्चा कशाची? थपडेची! जिंकलेला मुद्दा आपण आपल्या हाताने झाकून टाकला, आणि 'मराठी माणूस गुंड' हा नवा शिक्का विरोधकाच्या हाती दिला. आता आपण ओरडतो, सगळ्यांना एका मापाने मोजू नका. ओरडणं बरोबर आहे. पण माप कुणाकडून शिकले ते?

आमची पवई डोळ्यांपुढे आणा. फ्रामजी कावसजी नावाच्या पारशाने इथे आमराया लावल्या. तलाव इंग्रजांच्या वेळचा. मोठा यंत्र-कारखाना काढला दोन डेन्मार्कवाल्यांनी. आयआयटी १९५८ साली सुरू झाली, तिला रशियाची मदत. आणि ह्या सगळ्याच्या आधीपासून इथे तिरंदाज, पासपोलीसारखी गावं आणि आदिवासी पाडे आहेत. टॉवरच्या सावलीत ते पाडे अजून पाण्यासाठी, हक्कासाठी झगडतात. इथल्या भूमिपुत्राचं दुखणं मांडायचं तर जमिनीचे कागद काढा, कोणत्या साली कोणता करार झाला ते विचारा. रिक्षावाल्याच्या उच्चाराची टवाळी करून एका पाड्याला एक नळ मिळणार नाही.

म्हणून प्रत्येक वक्त्याला माझं सांगणं आहे. बोलण्याआधी वाक्यातलं त्यांचं नाव काढा आणि तिथे 'मराठी' घाला. अंगाला आग लागली, तर ते वाक्य बोलू नका. ह्या माणसाने काय केलं, त्याचा पुरावा काय, हे विचारा. उत्तर नसेल, तर तो मुद्दा नव्हे. आणि सभेतल्या श्रोत्यालाही सांगणं आहे. शिव्यांना टाळ्या देऊ नका. टाळी बंद झाली की शिवी आपोआप बंद होते.

मराठीची मागणी न्यायाची आहे. शाळा मराठी हवी, कचेरीत मराठी हवी, कारखान्यात भूमिपुत्राला काम हवं, सीमेवरच्या भावाला न्याय हवा. ह्या मागण्यांना कुणाचा अपमान ठिगळ म्हणून लावायची गरज नाही. ठिगळ फाटक्या कापडाला लावतात. आपला तागा अखंड आहे, तो तसाच लोकांपुढे उलगडा!

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!